नाव कुणाच्या तोंडी हवंय, ते आधी ठरवा

महापे एमआयडीसीतल्या एका इंजिनीअरिंग कंपनीतल्या एचआर अधिकाऱ्यांनी विचारलं आहे: "गेल्या वर्षी आमचा निव्वळ नफा पहिल्यांदाच ५ कोटींच्या वर गेला, त्यामुळे यंदापासून आम्हाला सीएसआर, म्हणजे समाजकामावरचा सक्तीचा खर्च, लागू झाला. एमडी म्हणतात, पैसे द्यायचेच आहेत तर निदान कंपनीचं नाव तरी झालं पाहिजे. सीएसआरमुळे खरंच नाव होतं का? होत असेल तर कशावर खर्च करावा?"

एमडींचं काही चुकलेलं नाही. पदरचे पैसे जाणार म्हटल्यावर माणूस हा प्रश्न विचारणारच, आणि जे तोंडाने विचारत नाहीत ते मनात विचारतात. मी या कामात चोवीस वर्षं आहे. पहिली आठ शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एका संस्थेत, नंतरची तेरा टीटीसी पट्ट्यातल्या, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या, दोन कारखान्यांत, आणि गेली तीन वर्षं ठाण्यात घरून सल्ला देते. म्हणजे देणगीसाठी कंपन्यांच्या रिसेप्शनवर दीड-दोन तास ताटकळलेय, आणि पुढे दुसऱ्यांना ताटकळत ठेवलंयही.

आधी हिशेब मिटवू. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. आदल्या वर्षी निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्चायची. समजा तुमचा तीन वर्षांचा नफा ३.२, ४.३ आणि ६ कोटी आहे. सरासरी साडेचार कोटी, त्याचे दोन टक्के म्हणजे ९ लाख. नफा नेमका कसा मोजायचा ते तुमचे सीए बघतील, कारण ताळेबंदातला आकडा जसाच्या तसा चालत नाही. रक्कम ५० लाखांच्या आत असल्यामुळे वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळाने ठराव केला तरी भागतं. आणि हा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही, हे एमडींना आजच सांगून टाका. मार्चमध्ये सांगितलंत तर तुमच्यावर खापर फुटेल.

तर ९ लाख. या पट्ट्यातल्या कित्येक कंपन्यांचं दिवाळीच्या मिठाईचं आणि भेटवस्तूंचं बिल याहून मोठं असतं. एवढ्या पैशांत नाव होईल का, असं विचारलंत तर माझं उत्तर आहे, सहसा नाही. नाव खराब करायला मात्र ९ लाख पुष्कळ झाले.

कायद्याने सक्ती आली आणि एक गंमत झाली. पूर्वी कंपनीने शाळेची खोली बांधली तर लोक म्हणत, कंपनीने खोली बांधली. आता म्हणतात, त्यांना द्यावेच लागतात. दोन टक्क्यांची गोष्ट सगळीकडे पोहोचली आहे. कोणत्या कंपनीने कशावर किती खर्च केला हे केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कुणालाही बघता येतं, आणि आमच्या इथले कार्यकर्ते ते बघून येतात. मला एकाने गेटवर मोबाइल उघडून आमच्याच कंपनीचा आकडा दाखवला होता. तेव्हा नुसत्या खर्चाला कुणी शाबासकी देत नाही, तो केला नाही आणि उरलेली रक्कम ठरलेल्या सरकारी निधीत किंवा वेगळ्या खात्यातही टाकली नाही तर मात्र दंड आहे: त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातलं कमी असेल ते. टाटांनी जमशेदपूरच्या कारखान्यात आठ तासांची पाळी १९१२ साली सुरू केली, स्वतंत्र भारताचा कारखाने कायदा आला १९४८ साली. छत्तीस वर्षं आधी केलं म्हणून ते आज शंभर वर्षांनीही सांगितलं जातं. आपल्या खाडीच्या पलीकडे, विक्रोळीला, गोदरेजने आपल्या जागेतलं कांदळवन कित्येक दशकं राखलंय. तेव्हा त्यांना दोन टक्क्यांचा फॉर्म भरायचा नव्हता. सक्तीच्या पैशातून तसं नाव कमवायचं तर पैशाबरोबर जास्तीचं काहीतरी द्यावं लागतं. ते काय, ते पुढे सांगते.

त्याआधी एमडींना एक उलट प्रश्न विचारा: साहेब, नाव कुणाच्या तोंडी हवंय? माझ्या अनुभवात हा प्रश्न कुणी विचारतच नाही. नाव म्हटलं की डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातला फोटो येतो. पण महाप्याच्या कंपनीचं नाव निदान पाच-सहा तोंडांत असतं, आणि प्रत्येक तोंडात वेगळं.

पहिलं तोंड गावठाणाचं. महापे, रबाळे, घणसोली, तळवली, दिघा. एमआयडीसी १९६२ ची, नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. इथल्या आगरी-कोळ्यांच्या जमिनी सिडको यायच्या आधीपासून कारखान्यांसाठी जायला लागल्या होत्या. पुढे जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. नवी मुंबईत टक्के म्हटलं की लोकांना अजूनही साडेबारा आठवतात, तुमचे दोन नाही. या लोकांसमोर तुम्ही वह्या वाटायला जाता तेव्हा तुमच्यामागे साठ वर्षांचा हिशेब उभा असतो. एका गावकीच्या बैठकीत मी मोठ्या उत्साहाने दप्तरवाटपाचं सांगत होते. मागून एक आजोबा म्हणाले, "बाय, दप्तरं दे, चांगलंच हाय. पन शिकल्यावर पोर तुज्या गेटाच्या आत येल का भायेरच ऱ्हाईल?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. त्या वर्षी आमच्या कारखान्यात गावठाणातले कायम कामगार किती आहेत, ते परत येऊन मोजलं. अकरा निघाले, आणि त्यातले चौघे पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणारे.

दुसरं तोंड कॉलनीचं. कोपरखैरणे, ऐरोली, वाशीचे काही सेक्टर. इथल्या माणसाला तुमची कंपनी दिसत नाही, तिचा वास येतो. तुमचं इंजिनीअरिंगचं काम आहे, त्यामुळे थोडे सुटलात. मी होते ती रसायनांची कंपनी. जागतिक पर्यावरण दिनाला आम्ही एका शाळेत पन्नास झाडं लावली. कडुनिंब, ताम्हण, बहावा. छान कार्यक्रम झाला. चहाच्या वेळी एक पालक आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, झाडांबद्दल आभार. फक्त रात्री साडेअकरानंतर तो गोडसर उग्र वास येतो, तो तुमचाच ना? माझ्या मुलीला दमा आहे." आमच्या प्लान्ट हेडनी इकडेतिकडे पाहिलं. त्या बाईंच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी आमच्या झाडांचा फोटो फिरला, खाली फक्त नाक दाबलेल्या चेहऱ्याची इमोजी. पन्नास झाडांचं एवढंच फळ. पुढे स्क्रबरची, म्हणजे बाहेर पडणारे वायू धुऊन काढणाऱ्या यंत्राची, दुरुस्ती झाली. त्याला झाडांच्या कितीतरी पट खर्च आला आणि त्यातला एक रुपया सीएसआरमध्ये दाखवता आला नाही, कारण स्वतःच्या कारखान्याचं प्रदूषण आवरणं ही धंद्याची जबाबदारी आहे, समाजसेवा नाही. पण कॉलनीत आमचं नाव सुधारलं असेल तर ते स्क्रबरने. झाडांपैकी बारा-पंधरा जगली.

या वासावरून तळोजा आठवला. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या निळ्या कुत्र्यांचे फोटो जगभर गेले. कासाडी नदीत रंग सोडला जात होता, कुत्री पाण्यात उतरत होती. एका कारखान्यावर कारवाई झाली, पण पुढचे सहा महिने तळोज्यात युनिट आहे असं सांगितलं की समोरचा म्हणायचा, "ती निळी कुत्री ना?" माझ्या ओळखीच्या एका पॅकेजिंगवाल्यांचा रंगाशी काडीचा संबंध नव्हता, तरी त्यांना परदेशी ग्राहकाला खुलासा लिहून द्यावा लागला. औद्योगिक वसाहतीत नावही असं सामायिक असतं, सांडपाण्याच्या केंद्रासारखं. शेजाऱ्याने घाण सोडली की तुमच्याही पाइपातून वास येतो. म्हणून शेजारच्या कारखान्यांच्या संघटनेत बसून एकमेकांचे कान धरणं हेसुद्धा नावाचंच काम आहे. ते कुणी सीएसआरमध्ये मोजत नाही, इतकंच.

तिसरं तोंड तुमच्या आतलं आहे, आणि ते सगळ्यांत बोलकं. कायम कामगार नाही म्हणत मी, ठेकेदाराची माणसं. कॅन्टीनवाले, लोडिंगवाले, सिक्युरिटी, हाउसकीपिंग. २०२० च्या मार्चमध्ये करोनावरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाईल असं सरकारने सांगितलं आणि सगळीकडे धान्याचे किट निघाले. मला माहीत असलेल्या एका कंपनीने दोन हजार किट वाटले. प्रत्येक पिशवीवर लोगो, प्रत्येक पिशवीबरोबर फोटो. त्याच महिन्यात त्यांच्या कॅन्टीनच्या ठेकेदाराने पोरांचा पगार अडवून ठेवला, कारण कंपनीने त्याचं बिल अडवलं होतं. त्यातली काही पोरं नाशिक महामार्गाने चालत निघाली. कल्याण फाट्यावर त्यांना त्यांच्याच कंपनीचा किट मिळाला. ही गोष्ट मला त्यांच्यातल्याच एकाने सांगितली, हसत हसत, आणि या पट्ट्यातल्या प्रत्येक कॅन्टीनमध्ये ती माहीत आहे. त्या कंपनीच्या वार्षिक अहवालात दोन पानं किट आहेत.

आता शहापूरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक कंपन्या शेवटी तिकडेच वळतात. ठाण्याहून दीड-दोन तासांचा रस्ता, आदिवासी पाडे, पाण्याचे हाल. फोटोही चांगले येतात. भातसा आणि तानसा धरणं याच तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. आणि एप्रिल-मे मध्ये तालुक्यातल्याच पाड्यांवर टँकर जातो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुठल्याही डायरेक्टरचा हात खिशाकडे जातो, आणि तिथेच घाई होते.

अशाच एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत मी एका कंपनीसाठी पाहणीला गेले होते. त्याआधी दुसऱ्या एका कंपनीने तिथे पाणी शुद्ध करणारं आरओचं मशीन बसवलेलं. स्टीलचं, तीन नळांचं, भिंतीला खेटून. वर पितळी फलक: 'सौजन्य', खाली कंपनीचं नाव, उद्घाटनाची तारीख, तीन पाहुण्यांची नावं. मशीनवर खडूचे खोके, तुटका पृथ्वीगोल आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर ठेवलेलं. गुरुजींना विचारलं, बंद कधीपासून? म्हणाले, "बंद कधी म्हणू मॅडम, चालू होतं ते मोजा. सात आठवडे." फिल्टर गाळाने भरला, बदलायला कुणी आलं नाही. तो बदलला असता तरी उपयोग नव्हता, कारण बिल थकल्यामुळे शाळेची वीज कापलेली. थकबाकी किती? सात हजार चारशे रुपये. मशीनची किंमत दोन लाखांच्या घरात असावी. शिवाय आरओमधून वाया जाणारं पाणी. ज्या पाड्यावर हंडाभर पाण्यासाठी बाया दरीत उतरतात, तिथे पाणी फेकणारं यंत्र बसवायचं हे कुणाला सुचलं असेल, देव जाणे. पोरं त्या फलकावरची अक्षरं लावून वाचायला शिकली होती. एकीने मला त्या कंपनीचं नाव धडाधड वाचून दाखवलं. म्हणजे नाव झालंच की! रोज सकाळी प्रार्थनेला साठ पोरं त्या बंद मशीनसमोर उभी राहतात आणि वर ते नाव असतं.

आम्ही तिथे आरओ लावला नाही. बायांबरोबर विहिरीवर गेलो. जुनी विहीर होती, कठडा ढासळलेला, तळात गाळ. बाया दोराने पाणी शेंदताना वाकायच्या, त्यात एक पडून जखमी झालेली. गाळ काढला, कठडा बांधला, चार रहाट बसवले, गुरांसाठी बाजूला हाळ केला. पाच पावसाळे झाले. दर मेमध्ये कंपनीचा एक सिव्हिल इंजिनीअर जाऊन बघून येतो, रहाटाचं बेअरिंग वाजत असेल तर बदलतो. इंग्रजी नाव पाड्यावर कुणाच्या जिभेवर बसत नाही म्हणून त्या विहिरीला ते 'निळ्या टोपीवाल्यांची विहीर' म्हणतात. पहिल्या वर्षी इंजिनीअर निळी हेल्मेटं घालून आले होते ना.

हे मी त्या कंपनीच्या एमडींना सांगितलं तर ते खट्टू झाले. "म्हणजे नाव नाहीच झालं?" त्यांचं म्हणणं एका अर्थी खरं होतं. शहापूरच्या विहिरीने महाप्यात तुमचं नाव होत नाही. पाड्यावरची बाई तुमची ग्राहक नाही, शेजारीण नाही, तिचा मुलगा तुमच्याकडे कामाला नाही. तिथे काम करायचं तर ते गरज आहे म्हणून करा, नावाची वाट बघू नका. कायदाही सांगतो की कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं. मी कंपन्यांना त्याचा अर्थ रोखठोक सांगते: गेटपासून पाच किलोमीटरमध्ये तुमचं तोंड काळं असेल तर ऐंशी किलोमीटरवर जाऊन ते धुता येत नाही.

चौथं तोंड सामाजिक संस्थांचं. हे कंपन्यांच्या गावीही नसतं. २६-२७ मार्चला संस्थांना फोन जातात: "ताई, ३१ च्या आत बिल देऊ शकाल का? चार लाख आहेत." काम नंतर ठरवू, आधी बिल. संस्था नाही म्हणू शकत नाहीत, कारण पगार करायचे असतात. पण या संस्थांची माणसं एकमेकांना ओळखतात, सगळ्यांची उठबस एकत्रच. कोणती कंपनी मार्चवाली आहे, कोण तीन हप्त्यांतला शेवटचा सहा महिने लटकवतं, कोण पाहणीला येऊन जेवणाची फर्माईश करतं, याची यादी त्यांच्या तोंडपाठ असते. चांगल्या संस्था मग तुमच्याकडे येतच नाहीत. येतात ते फक्त बिल देणारे, आणि दोन वर्षांनी तुमच्या नावावर मखर ठेवलेलं मशीन उभं राहतं. खरं तर मार्चची घाई करायची गरजही नाही. काम एकाहून जास्त वर्षांचं आहे असं मंडळाने ठरवलं असेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, न खर्चलेल्या सीएसआर रकमेच्या वेगळ्या बँक खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते. २०२१ पासून ही सोय आहे. वापरणारे मात्र कमी दिसतात.

पाचवं तोंड ग्राहकांचं, त्याबद्दल थोडक्यात. तुम्ही सुटे भाग पुरवता, म्हणजे तुमचे ग्राहक मोठ्या कंपन्या. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार बीआरएसआर हा जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे त्या आता पुरवठादारांनाही प्रश्नावली पाठवतात. त्यात सीएसआरची एखादी ओळ असते. बाकी सगळं किमान वेतन, पीएफ, ओव्हरटाइम, अपघात, सांडपाणी, तक्रार निवारण. ऑडिटरला शाळेतला फोटो दाखवलात तर तो मान डोलावतो आणि विचारतो, "कंत्राटी कामगारांच्या पीएफची चलनं कुठे आहेत?"

एमडी हेही विचारतील की उद्या काही वाकडं झालं, अपघात झाला, बातमी आली, तर आजवरचं चांगलं काम कामी येईल की नाही. येतं, पण मर्यादेत. अपघातानंतर कंपनीचा माणूस गावात गेला आणि लोक निदान ऐकून घ्यायला बसले, हे मी पाहिलंय. गावाला तो माणूस आधीपासून माहीत होता म्हणून बसले. मूळ धंद्यातच खोट असेल तर मात्र काहीच उपयोग होत नाही. हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण घ्या. तिचे प्रमुख रामलिंग राजू यांनी २००५ मध्ये हैदराबादला रुग्णवाहिकेची आपत्कालीन सेवा सुरू केली, तीच १०८. अतिशय चांगलं काम. ७ जानेवारी २००९ ला त्यांनीच खोट्या हिशेबांची कबुली दिली, आणि उत्तम कारभारासाठी कंपनीला मिळालेला पुरस्कारही काढून घेतला गेला. १०८ ने सत्यमला वाचवलं नाही. पण सत्यमने १०८ ला बुडवलंही नाही: दुसऱ्या समूहाने ती सेवा चालवायला घेतली आणि आज देशभर लोक तो नंबर फिरवतात, महाराष्ट्रातही २०१४ पासून. फोन फिरवणाऱ्याला राजू आठवत नाहीत. फोक्सवॅगनचंही तसंच. सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या शाश्वततेच्या यादीत मोटार कंपन्यांत तिला पहिला मान मिळाला आणि त्याच महिन्यात डिझेल गाड्यांच्या धुराची लबाडी उघडी पडली. म्हणून कुणी म्हणालं की सीएसआर हा नावाचा विमा आहे, तर मी म्हणते, असेल, पण सगळ्या विम्यांसारखा यातही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की स्वतः लावलेल्या आगीला भरपाई नाही.

आता तुमचे ९ लाख.

काय करू नये ते आधी. मॅरेथॉनचे टी-शर्ट नकोत. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन असो की कुठलीही, एकदाच होणारे असे कार्यक्रम, पुरस्कार, जाहिराती सीएसआरमध्ये धरले जात नाहीत, हे मंत्रालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. दहीहंडीच्या थरांवरचा बॅनर नको. ती वर्गणी आहे, द्यायची तर एमडींच्या खिशातून द्या. 'आमच्या ट्रस्टला द्या, बाकी आम्ही बघतो' म्हणणाऱ्या दादांना हात जोडून सांगा की संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो, तो घेऊन या. निम्मे तिथेच परत जातात. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काहीही नको, ते सीएसआर होत नाही.

तुम्ही लेथ, मिलिंग, वेल्डिंग जाणता. मी तुमच्या जागी असते तर जवळच्या एका सरकारी आयटीआयचं एक वर्कशॉप धरलं असतं. नवीन मशीन देण्याचा मोह आवरा. आयटीआयमध्ये मशीनपेक्षा इलेक्ट्रोड, टूल बिट, कटिंग ऑइल, हातमोजे, चष्मे यांचा तुटवडा असतो. पोरं वेल्डिंग 'बघून' पास होतात. वर्षभराचा हा माल, बंद पडलेल्या दोन-तीन मशीनची दुरुस्ती, एका निवृत्त फोरमनला आठवड्यातून दोन दिवसांचं मानधन: तीन वर्षं हेच करा. दुसरं काही नाही. प्रवेश कुणाला द्यायचा हे आयटीआय ठरवेल, पण गावठाणातल्या पोरांपर्यंत अर्जाची तारीख पोहोचवायचं काम तुम्ही करा. शिकलेली पोरं तुमच्याकडेच यावीत अशी अट घालू नका, ती नियमातही बसणार नाही. पण तुमच्याकडे जागा निघेल तेव्हा ती नोटीस त्या वर्कशॉपच्या दारावर लागली पाहिजे. आजोबांनी मला विचारलं होतं ते हेच.

सक्तीच्या पैशाबरोबर जास्तीचं काही द्यावं लागतं म्हणाले, ते म्हणजे तुमच्या मेन्टेनन्सच्या माणसाचा महिन्यातला एक दिवस. त्याला फोटोसाठी पाठवू नका. स्पॅनर घेऊन पाठवा. माझ्या दुसऱ्या कंपनीत एक फिटर असा दर महिन्याला शाळेत जायचा. तो पंप बघायचा, पंखे बघायचा, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी बघायचा. निवृत्त झाल्यावर शाळेने त्याचा सत्कार केला. आमच्यापैकी कुणाला बोलावलं नव्हतं.

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एक करा. रात्रपाळी सुटताना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसा, ओळख न देता, आणि विचारा की ही कंपनी कशी आहे. आमच्या रसायनांच्या कंपनीला तिथे 'वासवाली' म्हणायचे. खरं नाव रिक्षावाल्यांनाही माहीत नव्हतं. तुमचं काय नाव पडलंय ते कळू द्या. ते 'पगार वेळेवर देणारी' असं असेल तर तुमचं निम्मं काम झालंय. 'ठेकेदारवाली' असेल, तर आयटीआयच्या आधी एमडींशी वेगळं बोलायला लागेल.

आणि फलक. एमडींना तो हवाच असेल, त्यात गैर काही नाही. लावा. पाहुण्यांची नावं गाळा, कंपनीचं नाव ठेवा आणि त्याच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा: 'बिघाड झाल्यास संपर्क', पुढे मोबाइल नंबर. एमडींच्या सेक्रेटरीचा नको. रविवारीसुद्धा फोन उचलणाऱ्या फिटरचा द्या, आणि त्याला विचारून द्या.